बॉर्डर शेवटी लावा : १२ बाय १८ च्या शीटवर बारा फोटो

शिरपूरच्या भाऊंची अडचण अशी : खानदेशातल्या कानबाई देवीच्या उत्सवाचे बारा फोटो गिम्प या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पांढरी बॉर्डर लावून एका शीटवर बसवले, पण बॉर्डर कुठे जाड दिसते, कुठे बारीक, आणि रांगाही सरळ येत नाहीत. प्रिंट १२ बाय १८ इंचांची, आडवी हवी आहे.

बॉर्डर कमी-जास्त होते ती क्रम चुकल्यामुळे. कानबाईला सगळे भाऊबंद जमतात, त्यामुळे फोटोही दहा मोबाइलमधले असणार. एक ४००० पिक्सेल रुंद, तर दुसरा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला, १६०० चा. दोन्हींना ४० पिक्सेलची बॉर्डर लावून मग दोन्ही ११६० रुंदीवर आणले, की पहिल्याची बॉर्डर ११ पिक्सेल उरते आणि दुसऱ्याची २८ च्या आसपास. तेव्हा आधी कापायचं, मग आकार सारखा करायचा आणि बॉर्डर सगळ्यात शेवटी.

गिम्प उघडण्याआधी कागदावर हिशेब करा. ३०० डीपीआयला (दर इंचात ३०० पिक्सेल) १८ बाय १२ इंच म्हणजे ५४०० × ३६०० पिक्सेल. चार उभे स्तंभ, तीन आडव्या ओळी. कडेला १५० पिक्सेल मोकळे, दोन फोटोंमध्ये ६०. मग बॉर्डरसकट एका फोटोला १२३० × ९४० एवढी जागा मिळते. त्यात प्रत्यक्ष फोटो ११६० × ८७०, म्हणजे बरोबर ४:३, आणि चारी बाजूंनी ३५ पिक्सेलची बॉर्डर. प्रिंटवर ती जवळजवळ ३ मिलिमीटर दिसते. खाली ५१० पिक्सेलची पट्टी उरते, ती नाव आणि तारखेसाठी ठेवा.

आता प्रत्येक फोटो वेगळा उघडा. फिरवायचा का असं गिम्पने विचारलं तर हो म्हणा, नाहीतर मोबाइलचा फोटो आडवा पडतो. क्रॉप टूलच्या पर्यायांत फिक्स्ड अ‍ॅस्पेक्ट रेशोवर खूण करून ४:३ द्या. तिथेच ‘डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स’ हा पर्याय आहे, त्यावर खूण आहे ना ते बघा. नसेल तर कापलेला भाग नुसता झाकला जातो, आणि पुढे कॅनव्हास (फोटोमागचा कागद) वाढवला की पांढऱ्या बॉर्डरच्या जागी तोच भाग डोकावतो. यात भलेभले अडकतात. कापून झालं की इमेज मेनूतून स्केल इमेज, रुंदी ११६०.

बॉर्डरसाठी फिल्टर्समधलं अ‍ॅड बॉर्डर वापरू नका असं मी म्हणेन. त्यात मुळातला रंग निळा असतो, आणि डेल्टा व्हॅल्यू २५ असल्यामुळे चारी बाजूंना वेगवेगळी छटा येते. वापरायचंच तर रंग पांढरा आणि डेल्टा शून्य करा. त्यापेक्षा कॅनव्हास साइज बरं. कीबोर्डवर डी दाबा, म्हणजे मागचा रंग पांढरा होतो. मग इमेज, कॅनव्हास साइज. रुंदी-उंचीमधली साखळी तोडा, १२३० आणि ९४० भरा, सेंटर दाबा, रिसाइझ करा आणि शेवटी फ्लॅटन इमेज. साखळी तशीच राहिली तर १२३० भरल्यावर उंची आपोआप ९२२-९२३ होते : बाजूला ३५ ची बॉर्डर, वर-खाली २६ ची. फाइल पीएनजीत एक्स्पोर्ट करा. जेपीजी पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी खराब होते.

चौरंगावरच्या कानबाईचा फोटो बहुतेक उभाच असतो. तो ४:३ मध्ये आडवा कापला तर जेमतेम ५६ टक्के उरतो. एक तर केळीचे खांब जातात, नाहीतर खालची पूजा. त्याला एकाखाली एक अशी दोन घरं द्या : फोटो ११६० × १८७०, कॅनव्हास १२३० × १९४०. रुंदीतून थोडंच कापावं लागेल. मात्र एकूण फोटो मग अकराच बसतील. मिरवणुकीचे दोन सारखे फोटो असतातच, त्यातला एक काढा.

जोडणी सोपी आहे. ५४०० × ३६०० ची नवी फाइल घ्या, रेझोल्यूशन ३००. इमेज, गाइड्स, न्यू गाइड मधून उभे गाइड (जुळवणीच्या रेघा, प्रिंटमध्ये येत नाहीत) १५०, १४४०, २७३० आणि ४०२० वर, आडवे १५०, ११५० आणि २१५० वर टाका. फाइल मेनूतल्या ओपन अ‍ॅज लेयर्सने सगळे पीएनजी एकदम आणा. ते मधोमध एकावर एक पडतील. व्ह्यू मेनूत स्नॅप टू गाइड्स चालू ठेवा आणि मूव्ह टूलने प्रत्येकाचा डावा वरचा कोपरा गाइडच्या छेदावर नेऊन सोडा. ओढताना फोटोऐवजी गाइडच सरकत असेल, तर मूव्ह टूलमध्ये ‘मूव्ह द अ‍ॅक्टिव्ह लेयर’ निवडा. रांगा वाकड्या येतात त्या बहुधा यामुळेच.

शीटचा रंग पांढरा ठेवलात तर पांढरी बॉर्डर दिसणारच नाही. गडद मरून किंवा बाटलीहिरवा घ्या. सावली टाकायची असेल तर १० पिक्सेलपेक्षा लांब नको, आणि सगळ्यांची एकाच दिशेला.

खालच्या पट्टीत युनिकोड मराठी थेट टाइप करा, गिम्पमध्ये जोडाक्षरं नीट उमटतात. मुक्ता फाँट चांगला दिसतो. जुन्या फोटोशॉप ७ मध्ये हेच अक्षर तुटतं, म्हणून डीटीपीवाले तिथे वेगळे फाँट वापरतात.

एक्ससीएफ, म्हणजे गिम्पची स्वतःची, लेयर्ससकट सेव्ह होणारी फाइल जपून ठेवा, एखाद्या काकांचा फोटो राहिलाच तर बदलता येईल. लॅबला जेपीजी द्या, क्वालिटी ९५. कटिंगमध्ये कडेचे दोन-तीन मिलिमीटर जाऊ शकतात, त्यासाठीच ते १५० पिक्सेल आहेत. फोटो मोठे दिसावेत म्हणून ते कमी करू नका. आणि लॅबवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर मरून शीट बघून मशीन सगळ्या चेहऱ्यांचा रंग बदलू शकते.