काकांच्या बायॉप्सीतल्या टी-पेशी मोजून घ्याव्यात का?

प्रश्न थोडक्यात असा: काकांची मलाशयातली कर्करोगाची गाठ गुदद्वारापासून ६ सेंटिमीटरवर, एमआरआयमध्ये टी३ (स्नायूच्या थराबाहेर गेलेली), बायॉप्सी इंदूरलाच झाली आहे. गाठीतल्या रोगप्रतिकारक पेशी (टी-पेशी) मोजल्या तर रेडिएशन लागू पडेल का ते आधीच कळतं, असं वाचलंत. तर ही तपासणी करावी का?

पेशी मोजता येतात, पण आधी एमएमआरची (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची) तपासणी झाली का ते रिपोर्टात बघा. बायॉप्सीच्याच ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या तुकड्यावर) एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही चार प्रथिनं रंगवतात. एखादं गायब असेल तर सगळा हिशेब बदलतो. अशा गाठी साधारण ५ ते १० टक्केच, पण २०२२ साली न्यूयॉर्कहून आलेल्या अहवालात नुसत्या डोस्टार्लिमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधावर (दर ३ आठवड्यांनी ५०० मिलिग्रॅम, ६ महिने) उपचार पुरे केलेल्या १२ च्या १२ रुग्णांची गाठ दिसेनाशी झाली होती. रिपोर्ट वाचताना एक खूण पाहा: गाठीशेजारच्या लिम्फोसाइटच्या (एक प्रकारची पांढरी पेशी) केंद्रकात तपकिरी रंग आलेला असायलाच हवा. तिथेही नसेल तर रंगवणंच फसलंय, प्रथिन गायब आहे असं म्हणता येत नाही. शिवाय हे रेडिएशनच्या आधीच करा. नंतर एमएसएच६ फिकट पडून घोटाळा होतो.

आता टी-पेशी. पॅरिसच्या जेरोम गालों यांच्या गटाने सीडी३ आणि सीडी८ या खुणा असलेल्या टी-पेशींची घनता मोजायची पद्धत बसवली. बायॉप्सीत त्या दाट असतील तर केमो-रेडिएशनला प्रतिसाद चांगला मिळतो, हे खरं, पण ते रुग्णांच्या गटाबद्दल. एकट्या काकांबद्दल त्यावरून पैज लावू नका. बायॉप्सीचा चिमटा वरवरचा २-३ मिलिमीटरचा तुकडा काढतो. गाठ जिथे आत शिरते ती कड त्यात येतच नाही. कधी वरचा अ‍ॅडिनोमा (कर्करोग नसलेली वाढ) हाती लागतो, कधी नुसता सडलेला व्रण. म्हणजे ‘पेशी कमी’ याचा अर्थ तुकडा वाईट इतकाच असू शकतो. आणि कमी आल्या म्हणून रेडिएशन कोणी रद्द करणार आहे का? नाही. माझ्या मते यावर स्वतंत्र खर्च नको.

सीबीसी या साध्या रक्ततपासणीतलं न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर (दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं प्रमाण) तर प्रतिसादाच्या अंदाजासाठी आणखी कच्चं. उलटीसाठी डेक्सा (डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड) दिलं किंवा कुठे जंतुसंसर्ग झाला, की आकडा चढतो. ओटीपोटावर रेडिएशन सुरू झालं की लिम्फोसाइट तसेही घसरतात.

मुंबईला दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसत्या स्लाइड नव्हे, ब्लॉकही मागा; नंबर जुळवून पावती घ्या. जादा सेक्शन (पातळ काप) लागणार असतील तर एकाच बैठकीत, ३-४ मायक्रॉनचे, चार्ज्ड स्लाइडवर (काप घट्ट धरणाऱ्या काचेवर) कापून द्या म्हणावं. ब्लॉक पुन्हा पुन्हा मायक्रोटोमवर (काप काढायच्या यंत्रावर) चढवला की दर वेळी सपाट करण्यात तुकडा झिजतो, आणि साध्या काचेवरचा सेक्शन रंगवताना सुटून येतो. मे महिन्यात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण मऊ पडतं. अवंतिका एक्स्प्रेसने जाणार असाल तर हातातल्या पिशवीत ठेवा.

केमो-रेडिएशन लागू पडलं की नाही, हे ते संपल्यावर ८ ते १२ आठवड्यांनी बोटाने तपासणी, दुर्बीण आणि एमआरआय या तिन्हींवरून एकत्र ठरतं. त्या तारखा आत्ताच मागून ठेवा.