‘माझा आदर्श’ आणि शाळेतून आलेला फोन

‘मुलाला आदर्श म्हणून भलतीच माणसं सापडतात, गाणीही तसलीच ऐकतो. काय करावं?’ आठवी ते दहावीतल्या मुलांचे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा अभ्यास आणि मोबाईल यांच्या खालोखाल हाच विषय निघतो. मुलींच्या बाबतीत बहुतेकदा कोरियन बँड, मुलांच्या बाबतीत रॅप. एका कुटुंबाची गोष्ट त्यासाठी सविस्तर सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

यश पंधरा वर्षांचा, नववीत. वडील चाकणच्या एमआयडीसीत सुपरवायझर, आई घरी ब्लाउज शिवून देते, धाकटी बहीण दुसरीत. कुटुंब मूळचं अकोला जिल्ह्यातलं, मूर्तिजापूरकडचं. वडिलांना इकडे नोकरी लागली आणि काही काळाने सगळे मोशीत राहायला आले.

“शाळेतून फोन आला तं मले वाटलं पोरानं मारामारी केली,” वडील म्हणाले. “मारामारी परवडली असती, मॅडम.”

त्यांनी पिशवीतून निबंधाची वही काढून माझ्यापुढे ठेवली. विषय वर्षानुवर्षं चालत आलेला, ‘माझा आदर्श’. वर्गातल्या मुलांनी शिवाजी महाराज, सावित्रीबाई, डॉ. कलाम, सचिन तेंडुलकर यांच्यावर लिहिलं होतं. यशने लिहिलं होतं एमसी स्टॅनवर. खाली लाल शाईत शेरा होता : ‘निवड अयोग्य. पालकांची सही घेऊन पुन्हा लिहिणे.’

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : एमसी स्टॅन म्हणजे अल्ताफ तडवी, पुण्यातल्या ताडीवाला रोडच्या वस्तीत वाढलेला रॅपर. तरुण मुलांना तो आधीपासून ठाऊक होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये हिंदी ‘बिग बॉस’चं सोळावं पर्व जिंकल्यावर तो त्यांच्या आईवडिलांच्या दिवाणखान्यातही पोचला. गळ्यात जाडजूड चेन, लांब केस, आणि गाण्यांत, विशेषतः सुरुवातीच्या, भरपूर शिव्या. यशच्या वडिलांनी मुलाच्या मोबाईलवर त्याची दोन गाणी ऐकली होती. तिसरं ऐकायची गरज त्यांना वाटली नाही.

आईची भीती वेगळी होती. तिने मोबाईलमध्ये एक बातमी जपून ठेवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या तीन अल्पवयीन मुली कोरियन बँडला भेटायला जाता यावं म्हणून स्वतःच्याच अपहरणाचा बनाव रचून घराबाहेर पडल्या होत्या. पोलिसांना त्या सापडल्या, पण बातमी वाचलेल्या कितीतरी आयांच्या मनातून ती गेलेली नाही. “हा तं बोलतच नाई आता. कानात ते घालून बसते,” ती म्हणाली. “एक दिवस उठून कुठं चालला गेला तर?”

मला त्या वाक्यातला पहिला भाग जास्त महत्त्वाचा वाटला. ‘बोलतच नाही.’ कधीपासून, असं विचारलं तर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गावी असताना तोंड बंद व्हायचं नाही, इकडे आल्यावर हळूहळू कमी झालं. गाणी त्यानंतर आली. घरच्यांनी क्रम उलटा लावला होता : गाण्यांमुळे मुलगा तोडून वागतो. असा उलटा क्रम मला पुष्कळ घरांत दिसतो, कारण गाणं ऐकू येतं आणि गप्प बसणं ऐकू येत नाही.

मग मी निबंध नीट वाचला. दीड पान. चेनचा त्यात उल्लेख नव्हता, पैशांचा एका वाक्यात होता. लहानपणी एमसी स्टॅन कव्वाली गायचा, वस्तीत राहायचा, लोक हसायचे, असं सगळं होतं. आणि मधे एक वाक्य, जे शेरा मारणाऱ्या बाईंच्या नजरेतून निसटलं असावं : ‘एवढ्या मोठ्या टीव्हीवर गेल्यावर पण तो आपल्या एरियात बोलतो तसाच बोलला, समोर सलमान खान असला तरी.’

यश एकटा माझ्यासमोर बसला तेव्हा पाठ्यपुस्तकासारखं बोलत होता. ‘नाही.’ ‘माहीत नाही.’ ‘ठीक आहे.’ आईवडिलांच्या बोलण्यात वऱ्हाडी ठसका आणि याच्या बोलण्यात त्याचा मागमूस नाही. थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, “तुम्ही पण बंद कर म्हणूनच सांगणार ना?”

मी म्हटलं, मला आधी ऐकायचंय. पुढच्या वेळी पाच गाणी घेऊन ये, आणि प्रत्येकापुढे लिहून आण की ते तू कधी ऐकतोस. ‘का ऐकतोस’ हा प्रश्न मी सहसा विचारत नाही. त्याला मुलं ‘आवडतं म्हणून’ एवढंच उत्तर देतात, आणि ते बरोबरच असतं. ‘कधी’ विचारलं की दिवस उलगडतो.

यशची यादी अशी होती. शाळेत जाताना एक, शाळेतून आल्यावर दोन, ती दोन्ही एमसी स्टॅनची आणि मोठ्या आवाजात. चौथं ‘हंड्रेड आरबीएच’चं. हा अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, वऱ्हाडीत रॅप करतो. ‘एमटीव्ही हसल’ या टीव्हीवरच्या रॅप स्पर्धेमुळे बऱ्याच जणांना माहीत झाला. ते गाणं यश फक्त रविवारी, गच्चीवर एकटा असताना ऐकायचा. पाचव्यापुढे लिहिलं होतं ‘झोपताना’, आणि ती होती शेगावच्या गजानन महाराजांची आरती. गावी आजी रोज लावायची. हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. कानात काय वाजतं ते बाहेर कळत नाही, त्यामुळे रात्री अकरालाही तो शिव्याच ऐकतोय असं घरच्यांनी धरून टाकलं होतं.

“शाळेत जाताना एकच आणि आल्यावर दोन का रे?” मी विचारलं.

“आल्यावर जास्त लागते,” तो म्हणाला. ‘लागतं’ नाही, ‘लागते’. तिथून पुढे तो त्याच्या स्वतःच्या बोलीत बोलू लागला.

नव्या शाळेत पहिल्याच महिन्यात त्याने विज्ञानाच्या तासाला हात वर केला होता. “सर, हे असं काहून होते?” काहून म्हणजे का. वर्ग हसला. सरही हसले, वाईट हेतूने नसेल. मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं नाव ‘काहून’ पडलं होतं. पुढे ‘मले-तुले’च्या नकला, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर स्टिकर. त्याने हात वर करणं बंद केलं. मग घरात बोलणंही कमी केलं. त्याचं म्हणणं असं की घरी वऱ्हाडी बोललं की शाळेतही तोंडातून निघतं. पंधराव्या वर्षी काढलेला हा तोडगा होता आणि तो काटेकोरपणे पाळत होता.

अशा मुलाला पडद्यावर एक माणूस दिसतो. वस्तीतली भाषा घेऊन तो देशभर दिसणाऱ्या कार्यक्रमात जातो, ‘शेमडी’, ‘हक से’ असलं बोलतो, आणि शेवटी जिंकतो. लोक त्याच्या शब्दांना हसतात आणि काही महिन्यांनी तेच शब्द स्वतः वापरू लागतात. यशला चेन नको होती, हे हवं होतं. माझ्या अनुभवात या वयातला आदर्श क्वचितच ‘मोठेपणी मी कोण होणार’ या प्रश्नाचं उत्तर असतो. आज शाळेच्या गेटातून आत कसं शिरायचं, याचं ते उत्तर असतं. डॉ. कलाम थोर आहेतच, पण यशच्या मधल्या सुट्टीत त्यांचा उपयोग नव्हता.

एका भेटीला वडील आणि मुलगा दोघंही बसले होते. मधेच वडिलांचा फोन वाजला, कंपनीचा होता. “हो सर. नाही सर, मला दहा मिनिटं द्या, मी बघतो आणि तुम्हाला कळवतो.” स्वच्छ, सपाट, पुणेरी वळणाचं मराठी. यशने माझ्याकडे पाहिलं, मग खाली. फोन ठेवून ते पुन्हा “हं, काय म्हणत होतो मी, हे पोरगं काही आयकत नाई,” असं सुरू झाले.

मी विचारलं, “कंपनीत असंच बोलावं लागतं का?”

ते आधी हसले. मग म्हणाले, पहिलं वर्षभर लाइनवरची पोरं त्यांना ‘विदर्भ एक्सप्रेस’ म्हणायची. हे त्यांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय त्यात, असं त्यांना वाटलं. यशने त्या दिवशी त्यांना बरेच प्रश्न विचारले, कोण म्हणायचं, तुम्ही काय करायचे, थांबलं कसं. मी मधे बोलले नाही. त्या तासाचं काम त्या दोघांनीच केलं.

आता शिव्यांबद्दल. पालकांना वाटतं की समुपदेशक बाई ‘ऐकू द्या हो’ म्हणून मोकळ्या होणार. मी तसं म्हणत नाही. गाण्यांच्या शब्दांचा परिणाम होतो की नाही, यावर दोन्ही बाजूंचं संशोधन आहे. २००३ मध्ये अमेरिकेत क्रेग अँडरसन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत हिंसक शब्दांची गाणी ऐकल्यावर विद्यार्थ्यांच्या मनातले आक्रमक विचार आणि चीड वाढलेली दिसली, निदान तेवढ्या वेळापुरती. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या लिआ शर्मन आणि जेनेव्हिव्ह डिंगल यांनी हेवी मेटलसारखं कडक संगीत आवडीने ऐकणाऱ्या लोकांना आधी राग येईल असं काही आठवायला लावलं, मग काहींना त्यांचं आवडतं संगीत ऐकू दिलं आणि काहींना शांत बसवलं. संगीत ऐकणाऱ्यांचा राग चढला नाही, उलट त्यांना हुरूप आल्यासारखं वाटलं. मला यातून एवढंच दिसतं की नुसतं गाणं पाहून निकाल देता येत नाही. ऐकणारा कोण, कुठल्या मनःस्थितीत, आणि ऐकून झाल्यावर तो कसा होतो, हे पाहावं लागतं. यश ती दोन गाणी ऐकून झाली की जेवायचा आणि बहिणीला पाढे विचारायचा.

तरीही बायकांबद्दलच्या ओळींवर बोलायला हवंच होतं. मी त्याला एका गाण्याचे शब्द स्वतःच्या हाताने लिहून आणायला सांगितले आणि मला वाचून दाखव म्हटलं. पहिलं कडवं झोकात वाचलं. दुसऱ्यात एका जागी थांबला, कान लाल. “ही ओळ राहू द्या, मॅडम.” का, विचारलं. “अशीच लिहिते ते. मले नाई आवडत ही. बीटसाठी आयकतो.” म्हणजे त्याची स्वतःची चाळणी होती. कोणी विचारलं नव्हतं म्हणून ती कुणाला दिसली नव्हती. मी उपदेश केला नाही. फक्त विचारलं, हे गाणं तुझ्या बहिणीला पाठ झालं तर? यावर त्याने स्वतःच नियम सुचवला : घरात स्पीकरवर नाही, आणि ती जवळ असताना तर नाहीच. वडिलांच्या बंदीपेक्षा हा नियम टिकला.

घरच्यांना मी एक गोष्ट करायला सांगितली, आणि ती त्यांना फार जड गेली. आठवड्यातून एकदा त्याचं एक गाणं त्याच्याबरोबर बसून पूर्ण ऐकायचं आणि ते संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मग मत द्यायचं असेल तर द्या, ‘आवडलं नाही’ म्हणा, खोटं कौतुक नको. मुलांना ते लगेच कळतं. आईने दुसऱ्याच आठवड्यात विचारलं, “हे एवढं भराभर म्हणते तं श्वास कुठं घेते?” यशने तिला अर्धा तास श्वास कुठे घेतात ते समजावलं. बऱ्याच महिन्यांत तो तिच्याशी सलग एवढं बोलला नव्हता.

शाळेशी मी पालकांच्या संमतीने बोलले, निबंधाविषयी नाही, चिडवण्याविषयी. वर्गशिक्षिका समजूतदार निघाल्या. स्टिकर बंद झाले, चिडवणं एकदम थांबलं नाही पण पातळ झालं. निबंध यशने पुन्हा लिहिला, कलामांवर, दहापैकी आठ मिळाले. “गाईडमधला हाय,” त्याने मला प्रामाणिकपणे सांगितलं.

गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानांवर त्याने स्वतः लिहिलेलं मला पुढे केव्हातरी दाखवलं. त्याच्या परवानगीने दोन ओळी :

‘काहून’ म्हटलं का हसते वर्ग, मास्तरबी हसते थोडा,
मले माह्या घरची बोली, तुमचं तुमच्यापाशी सोडा.

रॅपर होणार का? मला माहीत नाही, त्यालाही नाही. माईकची किंमत त्याने काढून ठेवली आहे आणि दहावीनंतरच्या सुट्टीत काम करून तो घ्यायचा विचार आहे. वडिलांना मी एवढंच म्हटलं की ज्याने किंमत काढली आणि सुट्टीची वाट पाहतोय, तो पळून जाणाऱ्यातला नाही.

काळजी कधी करायची, तेही सांगायला हवं. झोप किंवा जेवण बिघडलं, मित्र एकदम तुटले, आवडीच्या गोष्टी सुटल्या, घरातून पैसे जाऊ लागले, आवडत्या कलाकाराला भेटायला जायचे बेत गुपचूप शिजू लागले, तर गाण्यांवर वाद घालत बसू नका, मुलाला घेऊन या. मरणाची, स्वतःला इजा करण्याची गाणी पुन्हा पुन्हा आणि सोबत ‘मी नसलो तर बरं’ असलं बोलणं, हे तर त्याच दिवशी मनावर घ्यायचं. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. यशच्या बाबतीत यातलं फक्त मित्र तुटणं होतं, आणि त्याचं कारण शाळेच्या वर्गात होतं.

केसांचा प्रश्न मात्र अजून लोंबकळतोय. वडिलांचं म्हणणं, निदान दहावीच्या फॉर्मवरचा फोटो तरी माणसासारखा यावा. यशचं म्हणणं, केस मागे बांधले की कान दिसतात, फोटो चालतो. मला दोघांनीही वेगवेगळा फोन करून विचारलं. मी त्यात पडले नाही.