आधी अफूची पेटी उघड

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कला शिकायला जे. जे. त आलीस, आणि ज्यांच्या देणगीतून ती शाळा उभी राहिली त्या जमशेटजी जीजीभॉय यांनी कापसाबरोबर अफूही चीनला पाठवली होती, हे कळल्यावर लेख अर्ध्यात सोडलास. ‘दानशूर लिहू की विषाचा व्यापारी, तेच ठरत नाहीये,’ असं विचारलं आहेस. ते आज ठरवू नकोस. माणसाला नाव देण्याची घाई झाली की आपण बघायचं थांबवतो. मी स्वतः कित्येक वर्षं मुंबईच्या शेटियांच्या देणग्यांवर भाषणं दिली. एकदा एका वृद्ध श्रोत्याने ‘पण एवढा पैसा आला कुठून?’ असं साधं विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती खंत अजून गेलेली नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो.

पुतळा बाजूला ठेव आणि एका पेटीबरोबर चालायला लाग. सुमारे 140 पौंडांची, म्हणजे साधारण त्रेसष्ट किलोंची माळव्याच्या अफूची पेटी. शिंदे-होळकरांच्या मुलखात, इंदूर-उज्जैन-मंदसोरच्या काळ्या जमिनीत हे पीक निघायचं. बोंडांना दुपारी चिरा द्यायच्या, रात्रभर चीक पाझरू द्यायचा आणि सकाळी तो खरवडून घ्यायचा. बायकापोरंही या कामात असत. सावकार पीक उभं असतानाच उचल देऊन बसलेला, त्याच्यामागे सराफाची हुंडी, तिच्यामागे मुंबईचा आडत्या. बंगाल-बिहारकडे ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. तिथे शेतकऱ्याला आगाऊ रक्कम घेऊन ठरल्या भावाने माल सरकारलाच द्यावा लागे. माळवा संस्थानांचा, म्हणून तिथे कंपनीचा तसा हुकूम चालत नव्हता.

कंपनीने आधी हा माल अडवायचा प्रयत्न केला. संस्थानिकांशी करार केले, स्वतःच खरेदीत उतरली. पण पेट्या राजस्थानातल्या पालीवरून वाळवंटातून कराचीला जात, तिथून पोर्तुगीजांच्या दमणला येत आणि जहाजावर चढत. अखेर 1830 च्या सुमारास कंपनीने अडवणं सोडून परवाना द्यायला सुरुवात केली: पेटीमागे 175 रुपये भरा आणि खुशाल मुंबईहून पाठवा. पुढे दमणशी चढाओढ म्हणून तो 125 वर आणला. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, कराचीची वाट बंद झाली, आणि 1847 पर्यंत हाच दर 400 झाला. हे आकडे तुझ्या लेखात नक्की घे. सिंधच्या लढाईचा धडा शाळेत शिकवतात तेव्हा परवान्याचा दर कुणी सांगत नाही.

आता मुंबईत ये. जमशेटजींच्या पेढीत त्यांचे भागीदार कोण होते ते पाहा: मोतीचंद अमीचंद हे जैन, आणि महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान. मूळच्या गोव्याच्या घराण्यातले रॉजेरियो द फारिया हेही याच व्यापारात त्यांच्या जवळचे. पारशी, जैन, मुसलमान, ख्रिस्ती एका हिशोबात बसलेले दिसतात. भायखळ्याचं मोतीशा मंदिर तुला माहीत असेलच, ते याच मोतीचंदांचं. स्वतः जमशेटजी सोळा वर्षांचे असताना आईवडिलांना मुकले होते. रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यामुळे त्यांना बाटलीवाला म्हणत. 1805 मध्ये चीनच्या एका फेरीत ते ज्या ‘ब्रन्सविक’ जहाजावर होते ते फ्रेंचांनी पकडलं. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण डॉक्टर होता. पुढे 1832 मध्ये जार्डिन मॅथेसन ही कंपनी निघाली आणि जमशेटजींच्या पेट्या चीनमध्ये विकण्याचं काम तिच्याकडे आलं.

पेटीचा शेवटचा टप्पा मात्र सावकाश पाहा, कारण तुझ्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. चीनने अफूच्या विक्रीवर 1729 मध्येच बंदी घातली होती, आणि एकोणिसावं शतक उजाडेपर्यंत आयातीवरही. म्हणून जहाजं दक्षिण चीनमधल्या कॅन्टन बंदरात माल उतरवत नसत. ती बाहेर लिंटिन बेटापाशी उभी असत. चिनी दलाल कॅन्टनमध्ये चांदी मोजून चिठ्ठी घेई आणि त्याच्या जलद वल्ह्यांच्या होड्या त्या चिठ्ठीवर लिंटिनहून पेट्या उचलत. ती चांदी कंपनीच्या खजिन्यात जाई आणि तिच्यातून इंग्लंडसाठी चहा विकत घेतला जाई. कंपनी स्वतःच्या जहाजातून अफू नेतच नव्हती. कलकत्त्यात लिलाव करून ती खाजगी व्यापाऱ्यांच्या हाती द्यायची, म्हणजे चहाचा व्यापार धोक्यात यायला नको.

एवढी रचना कशासाठी केली असेल? आपण काय करतो आहोत हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं म्हणून. ‘त्या काळी यात कुणाला गैर वाटत नव्हतं’ असं तुला अनेक जण सांगतील, प्रेमाने सांगतील. ते मानू नकोस. त्याच कॅन्टनमध्ये ऑलिफंट ही अमेरिकन पेढी होती, तिने अफूला हात लावला नाही. 1840 मध्ये ब्रिटिश संसदेत अफूवरून चीनशी होणाऱ्या युद्धाविरुद्धचा ठराव अवघ्या नऊ मतांनी पडला. आणि आपल्या दादाभाई नौरोजींनी पुढे स्पष्ट लिहिलं की हिंदुस्थानातून होणारी लूट भरून काढायला चीनला विष पाजलं जात आहे. दादाभाई जमशेटजींच्याच समाजातले, त्याच मुंबईतले. हे परक्याने ठेवलेलं बोट नाही.

मग 1839 येतं. लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांवर पेट्या ताब्यात घेऊन समुद्रकाठी चुना-मीठ घालून नष्ट केल्या. त्यांतला बराच माल हिंदी व्यापाऱ्यांचा होता. मुंबईने भरपाईसाठी अर्ज-विनंत्या केल्या. युद्ध झालं, 1842 मध्ये नानकिंगचा तह झाला आणि चीनने जे 2 कोटी 10 लाख डॉलर द्यायचे ठरले त्यांत 60 लाख त्या अफूची किंमत म्हणून होते. त्याच 1842 साली जमशेटजींना ‘सर’ किताब मिळाला, असा मान मिळवणारे ते पहिले हिंदी. तीन वर्षांनी त्यांच्या नावाचं रुग्णालय सुरू झालं आणि त्यांच्या पत्नी अवाबाईंच्या देणगीतून माहीमचा कॉजवेही. तुझी शाळा 1857 ची.

या तारखा शेजारी शेजारी ठेव आणि त्यांच्यात ‘पण’ घालू नकोस. ‘अफू विकली, पण दान केलं’ या वाक्यातला ‘पण’ एका बाजूला झुकतो. उलट फिरवलंस तर दुसऱ्या बाजूला झुकतो. माझी आजी जे. जे. रुग्णालयात वाचली, म्हणून मी आहे. चीनमधल्या कुण्या आजीचा मुलगा त्या चिलमीत गेला असेल. मला या दोन्ही गोष्टी एकमेकींतून वजा करता येत नाहीत आणि तूही करू नयेस असं मनापासून वाटतं.

जमशेटजींच्या पत्रव्यवहाराच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. 1840 च्या आसपासच्या वहीपासून सुरुवात कर. भाव, जहाजं, मालाचा दर्जा हे सगळं टिपून घे, आणि प्रत्येक पत्रापाशी विचार की इथे कमावलं कुणी आणि मोजलं कुणी. अक्षर लागायला पहिले आठ दिवस त्रास होईल. जिथे अडेल त्या पानाचा क्रमांक लिहून ठेव. दिवाळीत येशील तेव्हा ती पानं आपण एकत्र लावू.

तुझा,
सर