नवीन डीएसएलआरवर मॅन्युअल मोड शिकायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की १८-५५ लेन्सचा कॅमेरा घेऊन चार महिने झाले, पण डायल ‘एम’वर नेली की फोटो एकतर पांढरेफटक येतात नाहीतर काळेकुट्ट, आणि शेवटी ऑटोवरच परत यावं लागतं. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. तेव्हा जे उपयोगी पडलं ते सांगतो.

आधी मेनूत जाऊन ऑटो आयएसओ बंद करा. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा. ते चालू असलं की तुम्ही शटर (उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा तो वेळ) कितीही फिरवा, कॅमेरा आतल्या आत आयएसओ बदलतो आणि उजेड होता तेवढाच करून ठेवतो. आपण काय केलं आणि त्याने काय झालं, याचा पत्ताच लागत नाही. माझे दोन महिने यातच गेले.

दुसरी गोष्ट तुमच्या लेन्सची. उजेड आत सोडणारं तिचं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर; एफचा आकडा जेवढा मोठा, तेवढं ते लहान. १८ वर तिचं अ‍ॅपर्चर एफ/३.५ पर्यंत उघडतं, पण ५५ वर गेलात की ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. त्यामुळे ३.५ लावून झूम केलं की बाकी काही न बदलता फोटो काळपट येतो. शिकेपर्यंत अ‍ॅपर्चर ५.६ किंवा त्यापुढे ठेवा, म्हणजे झूम केलं तरी ते तिथेच राहील.

आता सकाळी खिडकीत एक तांब्या ठेवा. थेट ऊन नको, नुसता उजेड हवा. आयएसओ ४००, अ‍ॅपर्चर ५.६, आणि व्ह्यूफाइंडरमधल्या मीटरचा (उजेड मोजणाऱ्या पट्टीचा) काटा शून्यावर येईपर्यंत शटर फिरवा. समजा १/१२५ सेकंद आलं. फोटो काढा. मग अ‍ॅपर्चर ८ करा. उजेड निम्मा झाला, म्हणजे एक स्टॉप कमी. तो भरून काढायला शटर १/६० करा. पुढे ११ आणि १/३०. तिन्ही फोटो उजेडाला सारखेच येतील, पण तांब्यामागचे गज पहिल्यात धूसर आणि तिसऱ्यात बरेच स्पष्ट दिसतील. तिसरा बहुधा हललेलाही असेल. लेन्स ५५ वर असताना हातात धरून १/१०० च्या खाली मी सहसा जात नाही. लेन्समध्ये स्थिरीकरण असेल तर आपल्या हाताची थरथर सावरली जाते, पण समोरचं मूल हललं तर त्याचा उपयोग नाही. एक्सपोजरचा तो त्रिकोण (आयएसओ, अ‍ॅपर्चर आणि शटर यांचं नातं दाखवणारी आकृती) मी किती वेळा पाहिला असेन, तरी हे कळलं ते या तांब्यामुळेच. आठवडाभर रोज दहा मिनिटं एवढंच करा.

बाहेर पडलात की एक जुना आडाखा कामाला येतो. लख्ख उन्हात एफ/१६ ठेवलं तर शटर साधारण एक भागिले आयएसओ. आयएसओ १०० ला १/१००, जवळचा आकडा १/१२५. तेच एफ/८ ला १/५००. मीटर न बघता आधी मनात आकडा ठरवायचा आणि मग ताडून पाहायचा. हा मला सगळ्यात आवडणारा सराव आहे, कारण त्याने उजेडाकडे बघायची सवय लागते.

आणि मीटरवर आंधळा विश्वास ठेवू नका. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते, तिथे मी पहिल्यांदा मॅन्युअलवर फोटो काढले. काटा कटाक्षाने शून्यावर ठेवला होता. घरी येऊन पाहतो तर सगळ्या टोप्या, सदरे, धोतरं मळकट करडी आणि चेहरे अंधारात. मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. जे दिसेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून तो हिशेब करतो. पांढरं दिसलं की काळवंडतो, काळी म्हैस दिसली की तिलाही करडी करून टाकतो. म्हणून चौकट पांढऱ्या कपड्यांनी भरली असेल तर काटा +१ वर ठेवा, म्हशीला –१. पुढच्या वर्षी तसं केलं तेव्हा धोतरं पांढरी आली आणि टोपीखालचे डोळेही दिसले. मात्र हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेला जाऊन थडकत नाही ना, ते बघा. पार जळालेला पांढरा भाग नंतर परत मिळत नाही. सावलीतलं थोडंफार उजळता येतं, तेही रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर जास्त. शिवाय पावसाळ्यात ढग आला-गेला की दोन-तीन स्टॉपचा फरक पडतो, तेव्हा आकाशावरही लक्ष हवं.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणं, सध्या ऑटोवरच राहू द्या. रॉमध्ये तो नंतर बदलता येतो. नवी लेन्सही एवढ्यात घेऊ नका. ५.६ वर उजेड पुरत नाही असं घरातल्या समारंभांत वारंवार जाणवायला लागलं, की ५० मिमी एफ/१.८ घ्या. ती लहान, हलकी आणि इतर लेन्सच्या मानाने स्वस्त असते.

लग्नात, पळत्या मुलांमागे किंवा उजेड सारखा बदलत असताना मी स्वतः मॅन्युअल वापरत नाही. निकॉनवर ‘ए’, कॅननवर ‘एव्ही’ लावतो, अ‍ॅपर्चर माझ्या हातात ठेवतो आणि शटर कॅमेऱ्यावर सोडतो. त्या मोडमध्येही पांढऱ्यासाठीचा तो +१ एक्सपोजर कॉम्पेन्सेशनच्या बटणाने देता येतो.