भंगारातलं शिल्प आणि पिलू पोचखानवाला

प्रश्न : हाजीअलीच्या चौकात पूर्वी ‘स्पार्क’ नावाचं शिल्प होतं, ते एका बाईंनी केलं होतं, एवढंच ऐकून आहे. त्या कोण? आमच्या मुलांनाही भंगार जोडून पटांगणात शिल्प उभारायचंय. कुपवाडच्या एमआयडीसीतून तुकडे मिळतील. काय सांभाळावं?
— एक कलाशिक्षिका, सांगली

उत्तर : त्या पिलू पोचखानवाला (१९२३–१९८६). जाहिरातीच्या क्षेत्रात काम करत होत्या. १९५१च्या युरोपदौऱ्यानंतर शिल्पाकडे वळल्या. शिल्पकार ना. ग. पानसरे यांच्याकडे धडे घेतले. पुढे लाकूड, सिमेंट, शिसं हाताळत त्या भंगार आणि वेल्डिंगपर्यंत आल्या. मुंबईच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय व्हावं म्हणून त्या वर्षानुवर्षं झगडल्या. ते १९९६ साली उघडलं, त्यांच्यामागे दहा वर्षांनी. ‘स्पार्क’ही चौकातून काढलं गेलं. एखाद्या पुढाऱ्याचा पुतळा असता तर इतक्या मुकाट्याने हलला असता का?

आता तुमचं काम. मुलांनी तुकडे जमिनीवर मांडून रचना ठरवावी, खडूने खुणा कराव्यात. वेल्डिंग मात्र वेल्डरकडूनच. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले) पाइप वगळा, जस्ताच्या धुराने ताप भरतो. शॉकअ‍ॅब्सॉर्बर, बंद डबे तापले की फुटतात, तेही नकोत. बीड (ओतीव लोखंड) ओळखायचं तर ग्राइंडर लावून पाहा : ठिणग्या आखूड, तांबूस पडतात, साध्या लोखंडाच्या लांब, उजळ. बीडाला साधा वेल्डिंग रॉड लावला की सांध्याशेजारी चीर जाते, म्हणून ते नटबोल्टनेच जोडा. पातळ पट्ट्यांना २.५ मिमीचा रॉड, ६० ते ९० अँपियर पुरे.

गंज रंगाच्या मध्यावर क्वचितच सुरू होतो. तो पाणी साठतं तिथे धरतो. एकावर एक चढवलेल्या पट्ट्यांना नुसते टाके मारले तर फटीत पावसाळाभर ओल राहते, तेव्हा कडेने सलग वेल्ड घ्या. प्रत्येक खळग्याच्या तळाला ८ मिमीचं भोक पाडा. वेल्डवरची खपली हातोडीने उडवून वायरब्रशने घासा, नाहीतर रंग तिच्यासकट सुटतो. घासल्या दिवशीच रेड ऑक्साइडचा पहिला हात द्या. रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी तांबूस झालेलं दिसेल.

वेल्ड केलेल्या शिल्पाला साचा नसतो, मोडलं की दुसरी प्रत नाही. चारी बाजूंनी फोटो काढा, मापं लिहून ठेवा. मुलांची नावं आणि साल तळपट्टीवर पंचने ठोका. रंगाने लिहिलेलं पुढच्या रंगकामातच झाकलं जाईल.