दूध पिते, पण जेवत नाही

प्रश्न : मुलगी दीड वर्षाची आहे. जेवणाला तोंड लावत नाही, दूध मात्र बाटलीने पाच-सहा वेळा पिते. चालेल का? (ऐरोली)

नाही चालणार. ती जेवत नाही त्याचं कारणच बहुधा ती बाटली आहे. एवढ्याशा पोटात लिटरभर दूध गेल्यावर भूक लागणार कुठून? दुधात लोह नावापुरतं असतं आणि इतर अन्नातलं लोह शोषलं जायलाही ते आडवं येतं. त्यामुळे गालांनी गुबगुबीत मुलांचंही हिमोग्लोबिन कमी निघतं. वरचं दूध दिवसाला ४०० मिलीच्या आसपास आणा, तेही कपाने आणि जेवणानंतर. आधी रात्रीची बाटली थांबवा. काही रात्री रडारड होईल, ती सोसायची. अंगावर पाजत असाल तर ते मात्र चालू ठेवा. हिमोग्लोबिन तपासून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं औषध सरकारी कार्यक्रमात आहे, आशाताईंना विचारा.

प्रश्न : नातू ११ महिन्यांचा. डाळीचं पाणी, भाताची पेज रोज देते, तरी अंगाला लागत नाही. (कळवा)

आजी, रागावू नका, पण डाळीचं पाणी हे पाणीच. डाळ खाली भांड्यात राहते आणि ती आपण मोठी माणसं खातो. वरण-भात चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट कुस्करा, वर चमचाभर तूप घाला. नाचणी मोड आणून, वाळवून, दळून ठेवा. मोड आलेल्या पिठाची लापशी कमी घट्ट होते, म्हणून तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं. अंडं, काटे काढलेला मासा आत्ताच सुरू करा. दात यायची वाट पाहू नका. दिवसातून तीन-चार वेळा भरवा.

प्रश्न : उंची वाढवणारी चॉकलेटी पावडर द्यावी का? (खारघर)

डब्यावरचा साखरेचा आकडा वाचा. मी देणार नाही.

प्रश्न : मुलगा दोन वर्षांचा. अंगणवाडीत दंडाला लावलेली पट्टी लाल आली. घरचे म्हणतात, आमच्याकडे सगळेच काटक. (शहापूर)

लाल म्हणजे दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी, म्हणजे अतितीव्र कुपोषण. सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत हा आकडा सगळ्यांना एकच, त्यात घराण्याची अंगकाठी येत नाही. दोन्ही पायांवर अंगठा दाबून बघा. खळगा राहत असेल, ताप-जुलाब असतील किंवा मूल खातच नसेल, तर आजच दवाखान्यात न्या. तिथून पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतील. घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. फार खंगलेल्या मुलाला ते झेपत नाही, जिवावरही बेततं. यातलं काही नसेल आणि तो आवडीने खात असेल, तर बहुतेक वेळा घरी राहूनच उपचार होतात, पण तपासणी याच आठवड्यात करून घ्या.