भाऊ एफवायबीएला आहे, पण त्याला साधा अर्जही लिहिता येत नाही. कॉलेजातून काढून आयटीआयला घालू का?

काढू नका. तालुक्याच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. तुमच्या भावासारखी मुलं माझ्या प्रत्येक वर्गात असतात.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड घरातली एक मुलगी होती. अक्षर वळणदार, वही पूर्ण. एकदा तास संपला म्हणून मी फळा जरा लवकर पुसला. तिच्या वहीतला शेवटचा शब्द होता ‘परिस्थि’. पुढे काय येणार हे तिला कळलंच नव्हतं, ती फळा नुसता उतरवून घेत होती. बारावी गाईड पाठ करून झालेली. लहानपणी दिवाळी झाली की आईबापाबरोबर कारखान्यावर जायचं, कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायचं, गुढीपाडव्याच्या सुमाराला परत. पटावर नाव होतं आणि २००९च्या कायद्याने आठवीपर्यंत नापास करायचं नव्हतं, म्हणून ती पुढे सरकत गेली. अशी ती एकटी नाही. ‘असर’ या शिक्षणाच्या सर्वेक्षणाने २०२३ साली ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुलं तपासली, त्यातल्या सुमारे २५ टक्के मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीचा मजकूर सलग वाचता आला नाही.

आमच्याकडचे एक ज्येष्ठ सर म्हणायचे, ‘यांना आत घेऊन डिग्रीची माती केली.’ मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांवर, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर आयोगापुढे मांडलं होतं. सर, एफवायच्या पोरांना वाचायला शिकवणं कमीपणाचं वाटत असेल तर तसं सांगा, पदवीची काळजी कशाला पुढे करता?

त्या मुलीला मी ग्रंथालयात बसवून ‘अ‍ॅग्रोवन’ हे शेतीचं दैनिक मोठ्याने वाचायला लावलं. बाजारभाव, पाऊस, कारखान्यांच्या बातम्या. विषय ओळखीचे, त्यामुळे जोडाक्षराला अडली तरी अंदाजाने पुढे जायची. मग रोज पाच ओळी स्वतःच्या मनाने लिहायच्या. टीवायला असताना तिने उसाच्या वजनाच्या पावत्या आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, ताडून वडिलांचा हिशेब लिहून काढला. फिटलेली रक्कम मुकादमाने, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्याने, बाकी दाखवली होती, ती त्याला खोडायला लावली. तो कागद मी सरांपुढे ठेवला, तर म्हणाले, ‘हे काही सिलॅबसमध्ये नाही.’

आयटीआयचं म्हणाल तर हाताने काम करायची आवड असेल तर जरूर घाला, पण वाचन टळेल म्हणून नको. ट्रेड थिअरी तिथेही वाचावीच लागते. आणि हो, अभ्यास करूनही अक्षरांची अदलाबदल होत असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळ मिळतो. कॉलेजात कुणी त्याला घेऊन बसेलच असं नाही, आम्हा तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना फक्त तासाचे पैसे मिळतात. तेव्हा घरी तुम्हीच बसा. पुढचा अर्ज त्याला लिहून देऊ नका. चुकला तरी त्याच्याच अक्षरात ऑफिसात जाऊ दे.